पेशंट मॉनिटरची नियमित तपासणी: पेटीपेक्षा केबलकडे जास्त बघा

खाटेशेजारी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे आकडे दाखवणारा पेशंट मॉनिटर बंद पडला तर मला फारशी धास्ती वाटत नाही. पडदा काळा झाला की सिस्टर दोन मिनिटांत फोन करतात, दुसरा मॉनिटर खाटेशी लागतो आणि काम पुढे सरकतं. धास्ती वाटते ती चालू असलेल्या मॉनिटरची. पडदा स्वच्छ, आकडे ठळक, लहरी सुरेख, आणि रक्तदाब मात्र पंधरा-वीस मिमी पाऱ्याने चुकलेला. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी औषधाचा डोस ठरवत असतं. नियमित तपासणी मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडासाठी करायची असते.

आणखी एक गोष्ट काम करता करता कळते. ‘मॉनिटर खराब आहे’ म्हणून वॉर्डातून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींत मॉनिटरच्या पेटीला काहीच झालेलं नसतं. छातीवर चिकटवायचे इलेक्ट्रोड वाळलेले असतात, केबल आतून तुटलेली असते, रक्तदाबासाठी दंडाला गुंडाळायचा कफ गळका असतो, नाहीतर बोटाला लावायच्या प्रोबची खिडकी मळलेली असते. त्यामुळे या लेखात पेटी उघडायची वेळ जवळजवळ येणारच नाही. रुग्ण आणि पेटी यांच्यामध्ये जे लोंबकळतं, त्यावरच जास्त वेळ जाईल.

कोणी आणि कधी

मॉनिटरची देखभाल हे एकट्या बायोमेडिकल विभागाचं काम नाही. रोज प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सिस्टरनी करायची तपासणी दोन मिनिटांची असते: केबल आणि कफ फाटलेले नाहीत ना, अलार्मचा आवाज येतो का, मर्यादा त्या रुग्णाला साजेशा आहेत का, तारीख-वेळ बरोबर आहे का आणि बॅटरी चार्ज आहे का. महिन्यातून एकदा पंख्याची जाळी, जोडण्या, स्टँड आणि ॲक्सेसरीजचा साठा बघायचा. उपकरणं लावून करायची पूर्ण तपासणी बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा होते. नेमका काळ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानायचा. रुग्णासोबत इकडून तिकडे फिरणारे ट्रान्सपोर्ट मॉनिटर मात्र जास्त आपटतात, त्यांची बॅटरीही जास्त राबते. त्यांना सहा महिन्यांनी हातात घेतलेलं बरं.

काही वेळा वेळापत्रकाची वाट बघायचीच नाही. मॉनिटर खाली पडला, त्यावर सलाईन सांडलं, आत दुरुस्ती झाली किंवा सॉफ्टवेअर बदललं, तर तो पूर्ण तपासल्याशिवाय रुग्णाला लावायचा नाही. ‘पडला होता, पण चालतोय’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. पडलेल्या मॉनिटरचा पडदा शाबूत राहतो आणि अर्थिंगची जोडणी सैल होते, असं सहज घडू शकतं.

हात लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना विचारणं. मॉनिटर रुग्णाला लावलेला असेल तर पर्यायी मॉनिटर लागून आकडे दिसू लागेपर्यंत त्याची वायरही हलवायची नाही. दुसरं म्हणजे मॉनिटरची सध्याची मांडणी टिपून घेणं: अलार्मच्या मर्यादा, आवाजाची पातळी, रुग्णाचा प्रकार प्रौढ, बालक की नवजात, आणि खाटेचा क्रमांक. पडद्याचा फोटो काढणं सर्वांत सोपं, फक्त त्यात रुग्णाचं नाव येऊ द्यायचं नाही. तपासणी संपल्यावर मॉनिटर याच स्थितीत परत द्यायचा आहे.

मॉनिटर आधी निर्जंतुक करून मगच वर्कबेंचवर घ्यायचा. हा नियम आपल्या स्वतःच्या हातांसाठी आहे.

साधनं फार लागत नाहीत. ईसीजी, श्वसन, तापमान आणि इन्व्हेजिव्ह प्रेशर (रक्तवाहिनीत नळी घालून मोजलेला दाब) यांचे सिग्नल रुग्णाऐवजी देणारा पेशंट सिम्युलेटर, दाब मोजायचं अचूक मीटर, टी-जोड, हाताने दाबायचा रबरी फुगा, ५०० मिलिलिटरचं कडक भांडं, विद्युत सुरक्षा तपासणारा ॲनालायझर आणि मल्टिमीटर. या साधनांचं स्वतःचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची जुळणी, कधी झालं ते त्यांच्या स्टिकरवर वाचून नोंदवहीत लिहायचं. मुदत संपलेल्या मीटरने दहा मॉनिटर ‘पास’ केले, तर ते दहाही न तपासलेलेच राहिले असं समजायचं.

डोळे आणि बोटं

वीज लावण्याआधी मॉनिटर चारही बाजूंनी फिरवून बघायचा. वीजवाहक केबल प्लगजवळ आणि पेटीजवळ वाकवून बघा, कारण केबल मधोमध सहसा तुटत नाही, टोकांना तुटते. प्लगची अर्थिंगची पिन जागेवर आहे का? कवचाला तडा गेला आहे का? तड्यातून जंतुनाशक आत झिरपतं आणि काही महिन्यांनी बोर्डवर हिरवट गंज चढतो. जोडण्यांच्या खाचांत टॉर्च मारून वाकलेली पिन, वाळलेलं जेल, रक्ताचा डाग शोधा.

स्टँड आणि भिंतीवरचा ब्रॅकेट ही दुर्लक्षित जागा आहे. हाताने हलवून बघा, स्क्रू आवळा. रुग्णाच्या डोक्यावर टांगलेलं चार-पाच किलोचं उपकरण एका सैल क्लॅम्पच्या भरवशावर नसावं.

पंख्याची जाळी धुळीने भरली असेल तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेच्या झोताने धूळ आतच ढकलली जाते, शिवाय आयसीयूत ती हवेत उडते. थर्मल प्रिंटर असेल तर त्याच्या हेडवरून थंड असताना अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. प्रिंटमध्ये उभी-आडवी पांढरी रेघ सुटत असेल तर बहुधा एवढ्यानेच काम भागतं.

स्वच्छता: काय वापरायचं, काय नाही

बहुतेक मॉनिटरना ओलसर कापड, सौम्य साबण, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा क्वाटर्नरी अमोनियमचे वाइप्स चालतात. तरीही मॅन्युअलमधली यादी बघायचीच, कारण पडद्यावरचा चमक कमी करणारा थर आणि काही केबलची आवरणं वारंवार अल्कोहोल लागून पांढरट, कडक होतात. ॲसिटोन आणि घासायची पावडर मात्र कधीच नाही.

फवारा थेट मॉनिटरवर मारायचा नाही. कापडावर मारून मग पुसायचं. जंतुनाशक पृष्ठभागावर ठरावीक मिनिटं ओलं राहिलं तरच काम करतं. तो वेळ बाटलीवर छापलेला असतो आणि घाईत नेमका तोच पाळला जात नाही. जोडण्यांची धातूची टोकं ओली ठेवू नका. केबल आणि प्रोब बादलीत बुडवणं, ऑटोक्लेव्हमध्ये टाकणं हे कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच.

ईसीजी: रंगांचा घोळ आणि वाळलेलं जेल

ईसीजी केबलच्या रंगांच्या जगात दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला आणि पांढरा छातीवर. दुसऱ्या पद्धतीत पांढरा उजव्या हाताला, काळा डाव्या हाताला, लाल डाव्या पायाला, हिरवा उजव्या पायाला आणि तपकिरी छातीवर. म्हणजे लाल, काळा, पांढरा, हिरवा हे चारही रंग दोन्हीकडे आहेत, पण जागा वेगळ्या. एकाच वॉर्डात दोन्ही पद्धतींच्या केबल फिरत असतील तर लीड (रुग्णाकडे जाणारी वायर) उलटी लागणारच; त्यात सिस्टरचा दोष नाही, केबल खरेदी करणाऱ्याचा आहे. वार्षिक तपासणीत संपूर्ण वॉर्ड एका पद्धतीवर आहे का, हे बघून टाका.

आता केबल सिम्युलेटरला जोडा. मिनिटाला ३०, ६०, १२० आणि २४० ठोके देऊन पडद्यावरचा आकडा टिपा. फरक किती चालतो ते मॅन्युअल सांगतं. माझा अनुभव असा की धडधाकट मॉनिटर एका ठोक्यापलीकडे चुकत नाही. मग १ मिलिव्होल्टचा सिग्नल देऊन प्रिंट काढा. कागदावर त्याची उंची १० मिमी यायला हवी आणि कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी असायला हवा. लहरीचा आकार तपासताना फिल्टर डायग्नोस्टिक मोडवर ठेवा. मॉनिटर मोडमधला फिल्टर लहर गुळगुळीत दाखवतो, पण एसटी भाग (ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरचा तुकडा) बदलून टाकू शकतो.

त्यानंतर एकेक वायर सिम्युलेटरवरून काढा. प्रत्येक वेळी नेमक्या त्याच लीडचं नाव घेऊन ‘लीड निघाली’ असा संदेश यायला हवा. मग सगळ्या वायर परत लावून, लहर चालू असताना प्रत्येक वायर दोन्ही टोकांशी वाकवा, पिळा, हलकेच ओढा. लहर उडाली की ती वायर बाद. मल्टिमीटरने तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा: डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) झटक्यापासून संरक्षण म्हणून अनेक केबलमध्ये साधारण १ किलोओहमचा रोध मुद्दाम बसवलेला असतो. शून्याऐवजी हजार ओहम दिसले म्हणून चांगली केबल फेकून देणारे मी पाहिले आहेत.

आधाररेषा जाड, केसाळ दिसत असेल तर वीजपुरवठ्याची वारंवारता मॉनिटरमध्ये बरोबर निवडली आहे का ते बघा, ५० की ६० हर्ट्झ. चुकीची निवडली असेल तर फिल्टर भलत्याच ठिकाणी काम करत राहतो.

पण खाटेपाशी लहर खराब येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण इलेक्ट्रोडच असतं. पाकीट उघडून ठेवलं की जेल वाळतं. एका रुग्णावर दोन कंपन्यांचे इलेक्ट्रोड मिसळले तर त्यांच्या रासायनिक विभवातल्या फरकाने आधाररेषा तरंगते. त्वचा साफ, कोरडी न करता चिकटवलेला इलेक्ट्रोड घामाने सुटतो. वॉर्डाच्या फेरीत इलेक्ट्रोडच्या पाकिटाची तारीख बघणं आणि उघडं पाकीट दुमडून बंद करायला सांगणं, यात मिनिटभर जातं. त्यातून रात्रीचे कितीतरी खोटे अलार्म वाचतात.

श्वसनाचा दर बहुतेक मॉनिटर याच इलेक्ट्रोडमधून काढतात, छातीच्या विद्युत रोधातला बदल मोजून. सिम्युलेटरवर मिनिटाला २० श्वास द्या, मग श्वास थांबवा आणि ॲप्नियाचा अलार्म ठरवलेल्या सेकंदांत येतो का ते घड्याळ लावून बघा.

एसपीओटू: आपल्या बोटापासून सुरुवात

एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी. ती मोजणाऱ्या प्रोबमध्ये दोन प्रकाश असतात. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त. लाल डोळ्यांना दिसतो, अवरक्त दिसत नाही. त्यामुळे ‘लाल लागतोय म्हणजे प्रोब ठीक’ हा निष्कर्ष अर्धवट आहे.

प्रोब स्वतःच्या बोटाला लावा. नाडीची लहर स्वच्छ यायला हवी आणि नाडीचा दर ईसीजीच्या किंवा हाताने मोजलेल्या दराशी जुळायला हवा. आता हात स्थिर ठेवून केबल बोटाजवळ आणि प्लगजवळ वाकवा. मग प्रोब काढून टेबलावर उघडा ठेवा, दिव्याच्या प्रकाशात. मॉनिटरने आकडा सोडून ‘प्रोब निघाला’ असं म्हणायला हवं. रिकामा प्रोब ९७ टक्के दाखवत राहिला तर तो तिथल्या तिथे कापून टाका. बाद प्रोब ड्रॉवरमध्ये ठेवला की तो पुन्हा खाटेपर्यंत पोचतो.

बोटाच्या आकाराचे सिम्युलेटर मिळतात, ते वापरावेत, पण ते काय सांगतात हे माहीत असावं. मॉनिटरचं इलेक्ट्रॉनिक्स आणि त्यातली तक्ते-गणितं नीट चालतात का, एवढंच त्यातून कळतं. ऑक्सिजनचा आकडा खरा आहे, असं प्रमाणपत्र त्यातून देता येत नाही, कारण तो संबंध कंपनीने निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ताच्या तपासणीशी ताडून ठरवलेला असतो. यातूनच पुढचा मुद्दा येतो: एका कंपनीचा प्रोब दुसरीच्या मॉनिटरमध्ये बसतो म्हणून चालतो असं नाही. प्लगचा आकार सारखा असला तरी आतली जोडणी आणि प्रकाशाचं गणित वेगळं असू शकतं. आकडा येईल, कदाचित बरोबर वाटेलसाही येईल. कंपनीने मान्य केलेल्या प्रोबची यादी खरेदी विभागाच्या हातात हवी.

वॉर्डात ‘एसपीओटू धरत नाही’ अशी तक्रार आली तर प्रोब बदलण्याआधी रुग्णाकडे बघा. थंडगार बोटं, नेलपॉलिश, त्याच हातावर फुगणारा रक्तदाबाचा कफ, थेट पडणारा प्रखर दिवा. गडद त्वचेवर हे तंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही आता नीट माहीत झालेलं आहे. तो मॉनिटरचा बिघाड नाही, पण तपासणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

रक्तदाब: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मॉनिटर कफमधून रक्तदाब मोजतो तेव्हा तो कानाने ऐकत नाही. कफ फुगवून हळूहळू हवा सोडताना दाबात उमटणारी स्पंदनं तो मोजतो. ही स्पंदनं सर्वांत मोठी होतात तो दाब म्हणजे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा कंपनी आपापल्या सूत्राने काढते. म्हणूनच सिम्युलेटरवर १२०/८० लावलं आणि एका कंपनीचा मॉनिटर ११६/७७ दाखवतो, दुसरीचा १२३/८२, तर दोन्ही निर्दोष असू शकतात. या फरकावरून कॅलिब्रेशन फिरवत बसू नका. सिम्युलेटरवर आकडे दरवेळी एकसारखे येतात का, एवढं बघा. खरेपणा ठरतो तो स्थिर दाबाच्या तपासणीत, आणि ती अशी करायची:

१. मॉनिटर सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मॅनोमीटरचा (नुसता दाब दाखवण्याचा) पर्याय निवडा. कफ काढा. त्याच्या नळीला टी-जोड लावून एका फाट्याला अचूक दाबमापक, दुसऱ्याला ५०० मिलिलिटरचं भांडं आणि रबरी फुगा जोडा. भांडं नसेल तर कडक नळकांड्यावर गुंडाळलेला कफ चालतो.

२. दाब नसताना दोन्ही आकडे शून्य हवेत. मग ५०, १००, १५०, २०० आणि २५० मिमी पाऱ्यावर थांबत जा. मॉनिटर आणि मापक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

३. २५० वर दाब धरून ठेवा. पहिलं मिनिट हवा थंड होताना दाब थोडा उतरतो, ते सोडून द्या. पुढच्या मिनिटात ६ मिमीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे.

४. दाब वाढवत न्या. प्रौढ मोडमध्ये मॉनिटरने ३०० च्या पुढे गेल्यावर आणि जास्तीत जास्त ३३० पर्यंत स्वतःहून हवा सोडायला हवी. नवजात मोडमध्ये हीच हद्द १५० आणि १६५ आहे.

चौथी पायरी अनेकजण गाळतात. नवजात बाळाच्या दंडावर प्रौढाचा दाब चढू नये, याची खात्री दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून होत नाही.

गळती सापडली तर लगेच पंपावर संशय घेऊ नका. नळी पेटीच्या तोंडाशी चिमटीत दाबा. गळती थांबली तर दोष बाहेर आहे. मग चिमटी कफच्या दिशेला सरकवत जायचं. बहुतेक वेळा जोडणीतली छोटी रबरी रिंग झिजलेली निघते. ती बदलायला दोन मिनिटं लागतात.

कफ स्वतंत्र तपासा. वेल्क्रो पकडत नसेल तर फुगताना कफ सरकतो आणि मॉनिटर पुन्हा पुन्हा फुगवत राहतो. त्यात रुग्णाचा दंड दुखतो आणि आकडाही भरवशाचा येत नाही. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. लहान कफ रक्तदाब जास्त दाखवतो, मोठा कमी. वॉर्डात एकाच मापाचा कफ सगळ्यांना लावला जात असेल, तर तुम्ही ३ मिमीपर्यंत नेमका केलेला मॉनिटर तिथे १० मिमीने चुकेल. म्हणून तपासणीच्या यादीत माझा एक रकाना असतो: ‘खाटेजवळ किमान तीन मापांचे कफ आहेत का?’ इंजिनिअरला त्याच्याशी काय करायचंय, असं एकदा मला विचारलं गेलं. माझ्या मते तो रकाना पंपाच्या तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे.

इन्व्हेजिव्ह प्रेशर, तापमान, कार्बन डायऑक्साइड

इन्व्हेजिव्ह दाबासाठी सिम्युलेटरवर ०, १०० आणि २०० मिमी द्या. ट्रान्सड्यूसरची (दाबाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाची) संवेदनशीलता सहसा ५ मायक्रोव्होल्ट प्रति व्होल्ट प्रति मिमी असते, सिम्युलेटर त्यावर लावलेला आहे ना ते बघा. शून्य करण्याचं बटण चालतं का, तेही. खाटेपाशी होणारी चूक वेगळी असते: ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर नसतो. १० सेंटिमीटर खाली-वर झाला की साधारण साडेसात मिमीचा फरक पडतो. तक्रार आली की आधी उंची बघायची.

तापमानाचे प्रोब बऱ्याच ठिकाणी ४०० मालिकेचे, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे असतात. त्यांच्यासाठी सिम्युलेटर नसला तरी चालतं. १३५५ ओहमचा अचूक रोध लावला की मॉनिटरने ३७ अंश सेल्सिअस दाखवायला हवं.

श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मॉड्यूलमध्ये शत्रू एकच, पाणी. वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी डबी) आणि बारीक नळी वेळेवर बदलली नाही तर ओलावा सेन्सरपर्यंत जातो आणि मग मॉड्यूलच बदलावं लागतं. तपासणीआधी मॉड्यूल मॅन्युअलप्रमाणे गरम होऊ द्या, शून्य करा, मग ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा कॅलिब्रेशन वायू द्या. हवेचा दाब ७६० मिमी असेल तिथे आकडा ३८ मिमीच्या आसपास यायला हवा. उंचीवरच्या ठिकाणी तो त्या प्रमाणात कमी येतो. सिलिंडरवरची मुदतही वाचा.

अलार्म

एकदा एका आयसीयूत मॉनिटरच्या मागे हात घातला तर स्पीकरच्या जाळीवर सर्जिकल टेपचे तीन थर. विचारलं तेव्हा सिस्टरनी प्रामाणिकपणे सांगितलं: रात्रभर वाजत राहतो, खाटेवरचा माणूस झोपत नाही. वाजत का होता? इलेक्ट्रोड दोन दिवस बदललेले नव्हते आणि खालची मर्यादा त्या रुग्णाच्या नेहमीच्या नाडीच्या जेमतेम दोन ठोके खाली लावलेली होती. टेप काढणं सोपं होतं, पण नुसती टेप काढून आलो असतो तर आठवड्याभरात ती परत लागली असती. आयसीयूतल्या बहुसंख्य अलार्मवर काहीच करावं लागत नाही, हे जगभर दिसून आलेलं आहे. कान त्याला सरावतात, आणि मग खरा अलार्मही त्याच गर्दीत विरतो.

म्हणून अलार्मची तपासणी दोन भागांत करायची. पहिला भाग यंत्राचा. सिम्युलेटरवरून नाडी मर्यादेच्या खाली न्या, मग वर न्या, मग लहर पूर्ण सपाट करा, मग व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची प्राणघातक थरथर) द्या. प्रत्येक वेळी तीन गोष्टी हव्यात: आवाज, लुकलुकणारा दिवा आणि पडद्यावर नेमका संदेश. सर्वांत गंभीर अलार्म लाल, मध्यम पिवळा. सपाट लहरीचा अलार्म १० सेकंदांच्या आत आला पाहिजे. प्रोब काढा, कफची नळी काढा, त्यांचे संदेश बघा. आवाज बंद करण्याचं बटण दाबा आणि घड्याळ लावून बघा की ठरावीक वेळानंतर तो आपोआप परत येतो की नाही. मॉनिटर सेंट्रल स्टेशनला (सगळ्या खाटा एकत्र दाखवणाऱ्या पडद्याला) जोडलेला असेल तर एकाने खाटेपाशी आणि एकाने स्टेशनपाशी उभं राहायचं. अलार्म योग्य खाटेच्या नावाने तिथे पोचतोय का हे फोनवर विचारून भागत नाही, डोळ्यांनी बघायचं.

दुसरा भाग वापराचा. मॉनिटर बंद करून चालू केल्यावर कोणत्या मर्यादा येतात? कुणीतरी कधीतरी ‘अलार्म बंद’ अशी स्थितीच कायमची साठवून ठेवलेली नाही ना? आवाजाची किमान पातळी इतकी खाली जाऊ शकते का की ऐकूच येणार नाही? जाऊ शकत असेल तर सेटिंगमध्ये किमान पातळी बांधून टाका आणि पासवर्ड वॉर्डात चिकटवून ठेवू नका. मग दार बंद करून, नर्सिंग स्टेशनवर उभं राहून ऐका.

बॅटरी आणि घड्याळ

पडद्यावरचं बॅटरीचं चित्र भरलेलं दिसतं म्हणून बॅटरी चांगली असं नाही. पूर्ण चार्ज करून प्लग काढा, एसपीओटू आणि ईसीजी चालू ठेवा, रक्तदाब दर १५ मिनिटांनी मोजायला लावा, आणि बॅटरी संपत आल्याचा अलार्म येईपर्यंतची मिनिटं लिहा. मॅन्युअलमधल्या आकड्याशी आणि गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून बघा. अलार्म आल्यानंतर मॉनिटर किती वेळ तग धरतो, हेही मोजा. रुग्णाला लिफ्टमधून नेताना नेमका तोच वेळ हातात असतो.

लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की खराब होते, म्हणून कपाटातला मॉनिटरही अधूनमधून चार्जिंगला लावायचा. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ‘एकदा चार्ज करून बघू’ नाही. ती काढून बाजूला. आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तारीख चुकत असेल तर बोर्डवरचा छोटा बटण सेल संपला आहे. तो क्षुल्लक वाटतो, पण हृदय बंद पडलेल्या रुग्णाची घटना नंतर मिनिटामिनिटाने मांडायची वेळ येते तेव्हा मॉनिटर, डिफिब्रिलेटर आणि भिंतीवरचं घड्याळ तीन वेगळ्या वेळा सांगतात. सगळ्या घड्याळांची वेळ एकत्र जुळवून घ्या.

विद्युत सुरक्षा

वापरातल्या वैद्यकीय उपकरणांच्या तपासणीसाठी आयईसी ६२३५३ हे मानक आहे. अर्थिंगच्या पिनपासून मॉनिटरच्या धातूच्या उघड्या भागापर्यंतचा रोध, काढता येणाऱ्या वीजकेबलसकट, ०.३ ओहमपेक्षा जास्त नको. पेटीचा गळती प्रवाह (नको त्या वाटेने झिरपणारी वीज), थेट पद्धतीने मोजला तर, ५०० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी चिन्ह बघा. चौकोनात हृदय म्हणजे सीएफ, त्याची मर्यादा ५० मायक्रोअँपिअर. चौकोनात माणूस म्हणजे बीएफ, त्याची मर्यादा खूप ढिली, ५००० मायक्रोअँपिअर. फरक इतका मोठा असण्याचं कारण सरळ आहे: हृदयात नळी असलेल्या रुग्णाला त्वचेचं संरक्षण नसतं, तिथे अगदी थोडा प्रवाहही धोक्याचा.

मोजण्याआधी नेटवर्कची केबल, प्रिंटर, नर्स-कॉलची वायर सगळं काढा आणि मॉनिटर धातूच्या ट्रॉलीवरून लाकडी टेबलावर घ्या. नाहीतर अर्थिंगला दुसरी वाट मिळते आणि तुटलेली अर्थिंगही झकास पास होते.

आकडा मर्यादेच्या आत आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. गेल्या वर्षी ०.०८ ओहम आणि यंदा ०.२१, म्हणजे पास. पण केबलचे आतले तंतू तुटत चालले आहेत. ती आजच बदला.

नोंद, आणि परत खाटेशी

नोंदवहीत ‘ठीक’ हा शब्द लिहायचा नाही, आकडे लिहायचे. मॉनिटरचा अनुक्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्रत्येक तपासणीचा आकडा, वापरलेलं साधन, बदललेली ॲक्सेसरी. दुरुस्ती केली असेल तर आधी किती आलं आणि नंतर किती आलं, दोन्ही. मॉनिटर ८ मिमीने चुकत होता हे लिहून ठेवलं, तर आधीच्या काळात त्यावर कोणते निर्णय घेतले गेले, हे डॉक्टरांना मागे जाऊन बघता येतं. नुसतं ‘कॅलिब्रेट केले’ लिहिलं तर ती वाट बंद होते. नापास मॉनिटरवर लाल टॅग लावून तो वॉर्डाबाहेर न्यायचा. कोपऱ्यात ठेवलेला मॉनिटर गर्दीच्या रात्री कुणीतरी लावतंच.

पास झालेल्या मॉनिटरवर पुढच्या तपासणीच्या तारखेचं स्टिकर लावा आणि सुरुवातीला काढलेला फोटो उघडा. मर्यादा, आवाज, खाटेचा क्रमांक आणि मुख्य म्हणजे रुग्णाचा प्रकार पूर्ववत करा. दाबाची चौथी पायरी करताना आपण तो नवजात मोडमध्ये नेला होता. सर्व्हिस मोडमधून बाहेर पडा, मॉनिटर एकदा बंद करून चालू करा. खाटेपाशी प्लग लावल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का ते बघा, प्रोब स्वतःच्या बोटाला लावा, कफ स्वतःच्या दंडाला गुंडाळून एक मोजमाप घ्या, आणि सिस्टरना ते आकडे दाखवूनच मॉनिटर त्यांच्या ताब्यात द्या.